कोंबडी कुठली?

मी मांस खात नाही, हेच आमच्या दुकानाचं भांडवल होऊन बसलं आहे.

दुकान धाकट्या दिरांचं, कोंबडीचं. माझे यजमान गेल्यापासून काउंटरवर मी बसते. सकाळी आंघोळ, तासभर जप, जप संपेपर्यंत मौन आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही, असा माझा अठरा वर्षांचा नेम आहे. तो माझ्यापुरताच असायला हवा होता, पण भाऊजींनी तो गल्लीभर केला. कोणी मालाबद्दल कुरकुर केली की ते सुरी पुसत म्हणतात, "माझ्यावर नका विश्वास ठेवू, माझा धंदाच कापायचा. वहिनींना विचारा. खोटं बोलल्या तर त्यांचा नेम मोडेल."

लोक हसतात आणि पिशवी पुढे करतात.

मंगळवारी गणिताच्या बाई आल्या. अर्ध्या गल्लीला त्यांनी पाढे शिकवलेत, त्यामुळे त्या आल्या की भाऊजीसुद्धा सरळ उभे राहतात. त्यांच्या यजमानांच्या पायाची जखम तीन महिने भरत नव्हती. एकामागून एक अँटिबायोटिक औषधं निकामी ठरली, जंतूंना त्यांची सवय झालीय, आता एकच उरलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पेशंटला कोंबडीच्या सुपाशिवाय काही जात नव्हतं.

"कोंबड्यांना म्हणे तीच औषधं चारतात," बाई म्हणाल्या. "म्हणून विचारते. तुमची कोंबडी बिनऔषधाची आहे ना?"

भाऊजींनी बोट वर केलं. पाटीवर ठळक अक्षरांत आहेच: 'थेट फार्मवरून, शंभर टक्के नैसर्गिक.'

"पाटी मलाही वाचता येते," बाई म्हणाल्या. "वहिनी, तुम्ही सांगा."

 गेले तीन महिने मी त्यांना 'हो, आमच्या फार्मची' असंच सांगत आले होते. का, तर पाटीवर होतं म्हणून. तो फार्म मी कधी पाहिलाच नव्हता.

"शनिवारी सांगते," मी म्हटलं. "स्वतः बघून सांगते."

बाई गेल्यावर मी भाऊजींना विचारलं, "आपला फार्म कुठे आहे हो?"

"आपला म्हणजे... आपण ज्यांच्याकडून घेतो त्यांचा."

"ते कोण?"

"गाडीवाला आणतो ना, वहिनी! तुम्ही पण कमाल करता. दूध पिता तेव्हा म्हशीचा पत्ता विचारता का?"

बुधवारी गाडीवाल्याला विचारलं. त्याला सगळे ढोल्या म्हणतात. तो म्हणाला, "मी पिंजरे उचलतो, ताई. सेंटरवरून उचलतो, इथे ठेवतो. कोंबड्यांशी माझी ओळख होत नाही."

"मग मला सेंटरवर ने."

"तुम्हाला? त्या वासात?" तो हसला. पण शुक्रवारी जप झाल्यावर मी गाडीत जाऊन बसले, तेव्हा हसू थांबलं त्याचं.

सेंटर म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. दाराशी एक साहेब खुर्चीत बसून पिंजऱ्यांवर खडूने आकडे टाकत होते.

"हा माल कुठल्या फार्मचा?" मी विचारलं.

"सात फार्मचा."

"यातला कुठला कुणाचा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नदीतल्या पाण्याला त्याचं गाव विचारत होते. "बाई, रात्रीत सगळा एकत्र होतो. वजनाप्रमाणे लावतो आम्ही. खात्री हवी असेल तर फार्मवर जा."

ढोल्याने कपाळाला हात लावला, पण नेलं. त्यातला सगळ्यात जवळचा फार्म पाऊण तासावर होता. तिथे माझ्याच वयाची एक बाई रबरी बूट घालून पाण्याच्या निळ्या टाकीत पांढरी पावडर ढवळत होती. तिच्या मागे हजारो पांढरी पिल्लं, एकाच्या पंखाला दुसऱ्याचा पंख लागलेला. चालायला जागा नाही म्हणून की पायात ताकद नाही म्हणून, कोण जाणे, बरीचशी बसूनच होती. अमोनियाने माझे डोळे चुरचुरू लागले. कोपऱ्यात मेलेल्यांची बादली होती. तिच्यावर झाकण होतं, पण नीट बसत नव्हतं.

"पावडर कसली?" मी विचारलं.

"औषध."

"कशावरचं?"

"मरू नयेत म्हणून." तिने पाकीट दाखवलं. ते नेमकं नावावरच फाडलेलं होतं. "कंपनीचा माणूस देऊन जातो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड आमची आणि वास आमचा."

"विकायच्या किती दिवस आधी बंद करता?"

"सांगतात त्याप्रमाणे. आठवडा म्हणतात. पण गाडी लवकर आली तर काय गाडी परत पाठवू?" मग तिने माझ्या कपाळावरच्या गंधाकडे, हातातल्या जपमाळेच्या पिशवीकडे पाहिलं. "तुम्ही खाता का हो कोंबडी?"

"नाही."

"मीपण नाही," ती म्हणाली आणि ढवळत राहिली.

मी कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, की त्यांच्या सर्व कोंबड्या आनंदी असतात, आणि अधिक माहितीसाठी मी माझ्या दुकानदाराशी बोलावं.

माझ्या दुकानदाराशी! हसावं की रडावं, कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी जपात मन लागलं नाही. माळ तीनदा पहिल्या मण्यापासून धरावी लागली.

शनिवारी दुकानात ही गर्दी. बाई आल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजीच मोठ्याने म्हणाले, "घ्या बाई, निर्धास्त घ्या! आमच्या वहिनी स्वतः फार्मवर जाऊन आल्यात. आहे का दुसऱ्या कुठल्या दुकानात अशी सोय?"

सगळी रांग माझ्याकडे कौतुकाने बघू लागली. 

"भाऊजी, थांबा," मी म्हटलं. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. "बाई, मी गेले होते. पाण्याच्या टाकीत औषध ढवळताना पाहिलं. कुठलं ते त्या फार्मवालीलाही माहीत नाही. तिथलीच कोंबडी इथे आली का, तेही कुणाला माहीत नाही. सात फार्मचा माल एकत्र होतो. तीन महिने मी तुम्हाला जे सांगितलं, ते खोटं होतं."

 रांगेत मागचे टोपीवाले काका म्हणाले, "वा! याला म्हणतात प्रामाणिकपणा. इतकं खरं सांगणारं दुकान मिळत नाही आजकाल. माझं दीड किलो, जरा लवकर करा."

"माझी एक आख्खी," त्यांच्या मागून कुणीतरी म्हणालं.

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता उतरला. त्यांनी सुरी उचलली आणि माझ्या कानाशी पुटपुटले, "वहिनी, तुम्ही तर पाटीपेक्षा भारी निघालात."

मला कोंबडी कापायच्या लाकडी ओंडक्यावर डोकं आपटावंसं वाटलं. मी काय सांगितलं ते कुणी ऐकलंच नव्हतं. खरं बोलतेय, एवढंच ऐकलं होतं.

ऐकलं होतं ते फक्त बाईंनी. त्या काउंटरला धरून उभ्या होत्या.

"मग बिनऔषधाची कुठे मिळेल?"

"मी चार दुकानांत विचारलं. सगळीकडे हाच ढोल्या येतो."

"म्हणजे मी काय करू? उपाशी ठेवू त्यांना?"

 बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पिशवी माझ्यापुढे सरकवली.

"अर्धा किलो द्या."

"बाई..."

"द्या म्हटलं ना. दुपारचे बारा वाजलेत, ते वाट बघत असतील." मी तुकडे पिशवीत भरत असताना त्यांनी विचारलं, "चांगलं तासभर उकळलं तर जातं का ते औषध?"

"माहीत नाही."

"एवढं हिंडलात," बाई पिशवीला गाठ मारत म्हणाल्या, "तर निदान हे तरी विचारून यायचं."