कडक शिक्षा

आर्याचा घोटा सुजून वांग्यासारखा झाला, तेव्हा सदर बाजारात फिजिओथेरपी करणाऱ्या अपूर्वाताई म्हणाल्या, "हाड शाबूत आहे. सूज उतरली की पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं गिरवायची. रोज दोनदा."

आर्याने पहिल्या दिवशीच अक्षरं निवडली. अ, वं, ती.

कारण पाय आपोआप मुरगळला नव्हता. खो-खोच्या सरावात आर्या पळत होती, अवंती रांगेत बसली होती. आर्या तिच्याजवळून वळली तसा अवंतीने पाय हळूच मागे सरकवला. कोणी पाहिलं नाही. आर्या धुळीत घोटा धरून बसली, तर ही कानाशी वाकून म्हणते, "मराठी लंगडी होतीच, आता पायही लंगडा!"

अवंती वर्षापूर्वी पुण्याहून आलेली, वडील बँकेत. आर्या जन्मापासून जबलपूरची. आई मराठीत बोले, ही अर्ध्या हिंदीत उत्तर देई. दुखणं एक वेळ ती विसरली असती. ते वाक्य नाही.

तीन आठवड्यांनी लंगडत ती मैदानावर गेली. खो-खो शिकवणारे धनेश सर अख्ख्या संघासमोर कौतुकाने तिच्या व्यायामाची चौकशी करू लागले. अवंती समोरच होती. आर्याला राहवलं नाही.

"सर, अवंती को भी शिक्षा मिलनी चाहिए! कड़ी शिक्षा!"

"वाह बेटा! सहेली की इतनी फिक्र? तो तू ही दे. अवंती, कल से रोज शाम इसके घर. जो कसरत ये बताए, तू भी करेगी."

आर्याच्या घरात शिक्षा म्हणजे दंड, सरांच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणं. मैदानात हा घोळ आणखी एकाच मुलीला कळला. अवंतीने ओठ दाबून हसू गिळलं.

"हस," आर्या मनात म्हणाली. "देतेच आता."

दुसऱ्या दिवसापासून आर्याच्या घरचा, फॅक्टरीच्या क्वार्टरमधला व्हरांडा म्हणजे तुरुंगच झाला. पायात रबरी पट्टा अडकवून ओढायचा, आर्याने वीस वेळा तर अवंतीने चाळीस. उशीवर एका पायावर तोल सांभाळायचा, तीस आकडे होईपर्यंत. अवंतीसाठी मोजताना आर्या अठ्ठावीसवर आली की विसरून दहावर जाई.

"ळ गिरव. गाठ नीट आली नाही, पुन्हा. आता क्ष."

"किती वेळा?"

"मी बस बोलेपर्यंत. टीचर मी आहे."

अवंतीच्या पोटऱ्या लटलट कापत, आणि आर्याला ते बघून जेवण गोड लागे. एकदा आई म्हणाली, "काहून इतकी छळून राहिली पोरीला?"

"छळत नाही, आई. शिक्षा देऊन राहिली. सरांनीच सांगितलंय."

अवंती मात्र एकदाही नाही म्हणाली नाही. हेच आर्याला डाचायचं.

सहाव्या आठवड्यात अपूर्वाताईंनी एका पायावर उड्या मारायला लावल्या आणि खेळायची परवानगी दिली. शनिवारी संघनिवड होती. आता आर्या रांगेत बसली होती आणि अवंती पळत होती. आर्या इतर काहीच बघत नव्हती. एक फेरी गेली, दुसरी गेली, आणि अवंती तिच्याजवळून वळली. आर्याने पाय मागे सरकवला. तसाच. तेवढाच.

अवंतीचा पाय अडकला. घोटा बाहेर कलला. आर्याने श्वास रोखला.

आणि तो घोटा रबरी पट्ट्यासारखा परत जागेवर आला! अवंती क्षणभर एका पायावर डोलली, उशीवर डोलायची अगदी तशी, आणि सुटली. तेवढ्यात आर्याच्या पाठीवर थाप पडली, "खो!" ती धडपडत उठून अवंतीच्या मागे धावली. चाळीसवाल्या पायामागे वीसवाला पाय. कुठला हाती लागतोय!

"देखा?" सर टाळ्या वाजवत ओरडले. "इसे कहते हैं शिक्षा!"

अवंतीचं नाव यादीत पहिलं आलं, आर्याचं राखीव खेळाडूंत. घरी निघताना अवंती तिच्या कानाशी वाकली, पहिल्यासारखीच.

"बाई, पाय सरकवताना तुमचा अंगठा आधी हलतो. शिकवू का?"

त्या संध्याकाळी आर्याने पट्टा काढला, पायात अडकवला आणि चाळीस मोजले. मग दात आवळून, एक्केचाळीस.