घोंगडीचा सुटलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. बेळगावच्या अनगोळ भागातल्या एका घरात, पलंगाशेजारी माझी जागा आहे. ज्या माणसाचं सकाळचं पहिलं पाऊल रोज माझ्यावर पडतं, त्याला एक दिवस मीच पाडीन, या धास्तीत मी हे वर्ष काढलं. त्याचीच ही हकिकत.

माझा जन्म निपाणीजवळच्या एका खेड्यातला. काळ्या मेंढ्यांची लोकर कातरून, पिंजून तिचं सूत काढलं आणि जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या विणकराने मला मागावर विणलं. शेवटी चिंचोक्याची खळ लावली. त्या खळीने माझ्या अंगात ताठपणा आला. जमिनीवर अंथरलं की माझे चारी कोपरे मुकाट पडून राहत.

निपाणीच्या बाजारातून मला विनोदिनीबाईंनी आणलं. त्यांचे यजमान शरच्चंद्र बेळगावच्या कोर्टात वकिली करत. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दर उन्हाळ्यात हे दोघं मला गच्चीवर नेऊन छडीने झटकत. रिठ्याच्या गार पाण्यात बुडवत, पण चोळत नसत, पिळत नसत. आडवी पसरून वाळवत आणि नवी खळ लावत. कसर लागू नये म्हणून घडीत कडुनिंबाचा पाला ठेवत. विनोदिनीबाई गेल्या, तरी अण्णांनी यात खंड पडू दिला नाही. मात्र त्यांनी हे कुणाला शिकवलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मग अण्णा न्हाणीघरात घसरून पडले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही आणि पुन्हा पडायचं तर नाहीच, असं डॉक्टरांनी बजावलं. अण्णा घरी यायच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलाने, श्रेयसने, घर चकाचक करायला घेतलं. त्याने मला वॉशिंग मशीनमध्ये घातलं आणि गरम पाणी सोडलं. त्याच्या मनात प्रेमच होतं. पण मी बाहेर आले ती आटून, लुळी होऊन. खळ धुऊन गेली होती. एक कोपरा वर वळला, किनारीचे टाके उसवले आणि त्यातून दोऱ्याचा एक फास डोकावू लागला. पायाचा अंगठा सहज अडकेल एवढा.

तो आधी केतकीला, म्हणजे श्रेयसच्या बायकोला, दिसला.

"अहो, त्या कोपऱ्याचं काहीतरी करा. अण्णांचा पाय अडकेल."

"रविवारी बघतो की."

"कुठल्या रविवारी? वर्ष तरी सांगा."

टोमणा लागला. श्रेयसने कात्री आणली, दोरा कापला आणि म्हणाला, "झालं. मिटला विषय."

विषय मिटला नव्हता. कापलेला दोरा विणीत टिकत नाही, मित्रांनो. तो मागे सरकतो आणि शेजारच्यांना मोकळं करतो. थोड्याच दिवसांत एका फासाचे चार फास झाले.

"अण्णा, ही गुंडाळून माळ्यावर टाकते," केतकी म्हणाली.

"टाक की. मलाही गुंडाळ आणि हिच्या शेजारी ठेव."

केतकी हसली नाही. अण्णांचा हट्ट तिला कळत नव्हता. मला कळत होता. पलंगावरून पाय सोडले की अण्णा आधी बोटांनी मला चाचपत. मी सापडले की मगच अंगाचा भार टाकत. गुळगुळीत फरशीला ते घाबरत होते. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

एका सकाळी केतकीने चटणी वाटायला मिक्सर लावला. आवाज सुरू होताच अण्णांनी उशाखालून दाभण आणि लोकरीचा दोरा काढला. ते याच आवाजाची वाट बघत होते. वाकायला मनाई, म्हणून त्यांनी काठीच्या मुठीने माझा कोपरा ओढून वर घ्यायचा प्रयत्न केला. मी हलले नाही. माझी दुसरी कड पलंगाच्या पायाखाली होती आणि पलंगावर अण्णांचाच भार होता.

म्हणून पलंगावरचा आपला भार काढायला ते वॉकर धरून उठले. डावा पाय पुढे गेला. उजवा उचलताना त्याचा अंगठा माझ्या फासात शिरला.

ते थबकले. पाय पुढे येईना. मागे बसावं तर पलंग हाताशी नव्हता. वॉकर थरथरू लागला. मी त्या दोऱ्याला तुटून जा म्हणत होते. पण लोकरीचा पिळाचा दोरा सहजी तुटत नाही. वर्षानुवर्षं याच गुणासाठी माझं कौतुक झालं होतं.

"केतकी," अण्णांनी हाक मारली.

मिक्सर चालूच होता.

"केतकी, ये गं."

त्यांचा गुडघा वाकत होता. वॉकरचा एक पाय उचलला गेला, पुन्हा टेकला. मग मिक्सर थांबला, आणि तिसरी हाक तिला ऐकू गेली.

ती धावत आली. "हलू नका, अण्णा." तिने गुडघ्यांवर बसून एका हाताने त्यांची कंबर धरली, दुसऱ्या हाताने अंगठा सोडवला आणि त्यांना पलंगावर बसवलं. दोघांनाही धाप लागली होती.

"कोर्टात जन्मभर लोकांना शहाणपण दिलंत," ती म्हणाली. "घरच्यासाठी जरा ठेवायचं होतं की."

"सांगितलं असतं तर तू ही उचलून टाकली असतीस."

"मग टाकू नको का?"

अण्णांनी पायाची बोटं माझ्यावर टेकवली. "फरशीवर पाय टाकायला भ्या वाटतं गं मला," ते म्हणाले. "ही पायाला लागली की धीर येतो."

केतकी फरशीवर बसली. तिने हात पुढे केला. "दाभण द्या. कसं शिवायचं सांगा."

"दोरा कापू नको. उलट्या बाजूने विणीत ओवून घे. मग किनारीवर टाके घाल. आवळू नको, नाहीतर परत वळंल."

संध्याकाळी श्रेयस घरी आला, तेव्हा ओट्यावर चिंचोक्याचं पीठ काढून ठेवलं होतं. "हे काय?" त्याने विचारलं.

"खळ शिजवायची आहे," केतकी म्हणाली. "आज रविवार आहे असं समजा."

दोन उन्हं खाऊन मी पुन्हा खोलीत आले. खाली घसरू नये म्हणून रबराची जाळी अंथरली होती. सकाळी अण्णांनी पाय सोडले, बोटांनी चाचपलं. अंगठा शिवलेल्या कोपऱ्यावरून फिरला आणि तिथेच थांबला. मग हळूहळू सगळा भार माझ्यावर आला. कोपरा जागचा हलला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी एखादा कोपरा सुटलेला असेल. त्याला कात्री लावू नका, दाभण घ्या. आणि त्यावरून रोज चालणाऱ्या माणसाला एकदा विचारा, त्याला भीती कशाची वाटते.