छबूबाईची पाटी

“मावशी, तुमी जरा मागं सरा. मालक दिसंना फोटुत,” फोटोग्राफर म्हणाला.

छबूबाई स्वतःच्याच कांडप यंत्राजवळून उठली. तिच्या स्टुलावर अमृत बसला. पारनेरच्या एका पतसंस्थेचे चेअरमन बन्सीशेठ, त्यांचा हा एकुलता एक दिवा. बी.कॉम.ला दोनदा आपटला, तिसऱ्यांदा कसाबसा काठावर आला आणि आता, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, धंद्याची मोठी पदवी घ्यायला लंडनला निघाला होता. तिकडच्या कॉलेजाला उद्योग चालवल्याचा अनुभव हवा होता. तो छबूबाईकडे आयता तयार होता. शेड बन्सीशेठची असली तरी यंत्र तिचं, गिऱ्हाईकही तिनंच जोडलेलं.

दारावर तिची पाटी होती, ‘छबूबाई मिरची कांडप’. घराला सासऱ्याचं नाव, सातबाऱ्यावर दिराचं. तिचं नाव लिहिलेली अशी एवढीच एक वस्तू. आज तिच्यावरच ‘अमृत इंडस्ट्रीज’ अशी कोरी करकरीत पाटी ठोकली होती. बन्सीशेठनं धमकी वगैरे दिली नव्हती. “शेड आपलीच हाय ना?” एवढंच हसून विचारलं होतं.

कामाच्या बायांना अमृतच्या मागं हात जोडून उभं केलं. मिरचीची पूड उडाली तसा त्यानं नाकाला रुमाल लावला.

“काय अमृतशेठ, शिकून आल्यावर हितंच बसनार का?” रतनबाईनं विचारलं. ती छबूबाईच्या हाताखाली कामाला होती.

“या ठसक्यात कोन बसतंय मावशी? तिकडचा शिक्का बसला की झालं. इथले मार्क मग कोन इचारतंय? पतसंस्थेची खुर्ची हायच, आन स्थळं बी तालेवार येत्यात.”

बन्सीशेठ कौतुकानं हसले. छबूबाईला किळस आली. सगळा जन्म मिरचीच्या पुडीत काढलेली बाई, पण त्या पोराच्या अत्तराच्या वासानं तिनं पदर नाकाला लावला.

“पाटी ऱ्हाऊ द्या,” निघताना बन्सीशेठ म्हणाले. “पोराचं काम व्हईस्तवर. कुनी चौकशी केली तर मालक अमृत म्हना.”

“मंग मी कोन?”

“तुमी कामाला.”

जीप गेली. छबूबाईनं स्टूल दाराशी ओढलं, वर चढली आणि सांडशीनं खिळे उपटायला लागली.

“अगं, शेठ शेड काढून घेईल,” रतनबाई म्हणाली.

“घिऊ दे. घरी यंत्रापुरती लाईट न्हाई, पन उखळ हाय.”

नवी पाटी तिनं खाली टाकली. आपली उतरवून पदरानं पुसली. ठोकणाऱ्यानं खिळे नेमके तिच्या नावातून आरपार मारले होते.  पाटी काखेत मारून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात मुसळाचे घाव पडू लागले. पाटी उंबऱ्याशेजारी टांगली होती. नावातल्या भोकांतून मागची भिंत दिसत होती.