घागर नावाचं यान

मी एक जुनं यान आहे. मित्रांनो, वर आभाळात बघू नका, मी तिथं नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यांमागं दोन खोल्यांचं एक घर आहे. त्या घरातल्या लॅपटॉपमध्ये, एका खेळात मी राहते. लॅपटॉपही माझ्यासारखाच वापरलेला. त्याचं एक बटण निघून पडलंय. त्या जागी बोट जरा जोरात दाबलं, की मी पुढं सरकते.

'यान' म्हणजे 'ते', हे मला ठाऊक आहे. पण त्या घरातल्या थोरल्या मुलीनं, सोनमनं, माझं नाव घागर ठेवलं. गोल पोट, आखूड मान. नाव शोभलं, आणि त्या दिवसापासून मी 'ती' झाले.

मला मुळात कुणी, कुठल्या गावी बसून रचलं ते मी पाहिलं नाही. पण मला घडवलं सोनमनं. पहिल्या दिवशी माझ्याजवळ होतं तरी काय? एक चेपका सांगाडा आणि हवेचं एक नळकांडं. अवकाशात तरंगणारे मोडक्या यानांचे पत्रे ती वेचून आणायची आणि गोधडीला ठिगळ लावावं तसे मला लावायची. या खेळात लढाई नाही, शत्रू नाही. हवा, पाणी, अन्न आणि ऊब पुरवून चार माणसं जगवायची, एवढंच. पण माणसं गेली की सगळा खेळ पुसला जातो. कालची नोंद उघडून पुन्हा सुरुवात करता येत नाही. त्या चार माणसांना सोनमनं घरचीच नावं दिली होती: आई, बाबा, रुद्राणी आणि सोनम.

हळूहळू माझे चारशे दिवस भरले. शेजारच्या गल्लीतली अमिना बघायला आली आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "या अल्ला, चारसौ! हमारा यान तो सातवे दिनइच फुट गया."

"तू पाणी उधळतीस," सोनम म्हणाली.

"और तू? घोट घोट मोजके पिलाती! कंजूस कहीं की!"

कंजूस नव्हती हो ती. दर पाचव्या दिवशी नळाला पाणी येणाऱ्या घरातली मुलगी होती. तिला पाणी जपायला कुणी शिकवावं लागत नाही. तिची आई जगदेवी नळाखाली भांडी लावताना गुणगुणायची, तेही मला ऐकू यायचं:

रिकामी घागर । वाऱ्यानंही वाजे ।
भरली ती लाजे । बोलेचिना ॥

ती ओवी माझीच आहे, असं मी मनाशी धरून चालले होते.

मग सोनम नर्सिंग शिकायला पुण्याला गेली. जाताना धाकट्या बहिणीला, रुद्राणीला म्हणाली, "दिवाळीला येते. तोवर घागर सांभाळ. आल्यावर चारी जणं जिवंत दिसली पाहिजेत."

"दिसतील की, अक्का! चारशे पन्नास दिवस करून दाखवते."

पण शाळा, शिकवणी आणि मैत्रिणी यांत रुद्राणी मला विसरली. लॅपटॉप जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेला. मित्रांनो, खेळ बंद असला की माझ्याकडची वेळ थांबते. तुमच्याकडे तीन महिने गेले, माझ्याकडे एक पळही नाही. तरी एकटेपणा आला. तो कुठल्या फटीतून शिरला, मला अजून कळलेलं नाही.

दिवाळीला आठवडा उरला, तेव्हा चादर सुटली. रुद्राणी रोज शाळेतून आली की बसू लागली. माझा एक दिवस म्हणजे तुमची दहा मिनिटं, त्यामुळं पाच-सहा दिवसांत मी चारशे सत्तेचाळीसवर पोचले. टाकीतलं पाणी अर्ध्यावर आलं होतं, पण समोरच एक बर्फाचा धूमकेतू भेटला. रुद्राणीनं मला त्याला नीट बांधलं. आता नळी लावायची आणि बर्फ वितळवून पाणी ओढायचं.

ती रविवारची सकाळ होती आणि नेमकं घरातही पाणी सुटलं होतं. "सुटलं गं, सुटलं!" जगदेवीची हाक आली. ताजं पाणी आलं की तिथं आधी काय करतात, ठाऊक आहे ना? भांड्यांतलं चार दिवसांचं पाणी शिळं झालेलं असतं, ते ओतून देतात. कळशा पायरीवर, हंडा तुळशीला, पिंप मोरीत. मग भांडी विसळून नवं भरायचं. रुद्राणीनं उठून चार कळशा ओतल्या, हात फ्रॉकला पुसले, माझ्यासमोर येऊन बसली, आणि त्याच हातानं, त्याच सवयीनं, माझी टाकी ओतून दिली.

माझं अर्धं पोट पाणी क्षणात बाहेर गेलं आणि काचेच्या मण्यांसारखं अंधारात विखुरलं.

मग तिनं नळी लावली. पडद्यावर अक्षरं आली: 'नळी गोठली आहे. सुरू करण्यासाठी आठ तांबे पाणी ओता.'

आठ तांबे सोडा, टाकीत आठ थेंब नव्हते. चौघांच्या बाटल्यांत मिळून दोन दिवसांचं पाणी उरलं होतं. रुद्राणीनं खेळ जागच्या जागी थांबवला आणि हुंदका दिला.

"काय झालं गं?" जगदेवी ओल्या हातांनीच धावत आली.

"आई, मी अक्काची घागर मारली! शिळं म्हणून सगळं पाणी ओतलं. आता आपण चौघं मरणार."

"आपण? काय अभद्र बोलतीस दिवाळीच्या तोंडावर!"

तेव्हा उंबऱ्याशी बिरप्पामामा चपला काढत होता. बहिणीला दिवाळीचं बोलावणं करायला तो अक्कलकोटच्या पलीकडून आला होता. खांद्यावर घोंगडी, हातात शेंगांची पिशवी. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. त्यानं भाचीजवळ बसकण मारली आणि सगळं ऐकून घेतलं.

"डोकी किती हायती?"

"चार."

"चारच व्हय! आमी दोनशे सांभाळतो की. आन पानी?"

"दोन दिवसांचं. पण ते बाटल्यांत आहे मामा, नळीला घालता येत नाही."

"मंग आदी त्यास्नी बसवा. चालतं जितराब लई पीतं. सावलीला बसलं की त्येच पानी दोन दिसाचं चार दीस जातं."

रुद्राणीनं चौघांची कामं काढून घेतली आणि त्यांना आपापल्या खाटेवर निजवलं. बाटल्यांवरचा आकडा खरंच चारवर गेला.

"आता नळीचं पाणी कुठनं आणू?"

मामानं घोंगडीवरून हात फिरवला. "हिवाळ्यात माळावर ही पांघरून निजलं, की पहाटे हिच्यावर दहिवर पडतंय. पिळली तर तळव्यावर पानी येतं. तुज्या यानाला गार अंग हाय का न्हाय कुटं?"

रुद्राणी माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझं इंजिन बंद केलं आणि मला वळवून धूमकेतूच्या सावलीत धरलं. मित्रांनो, मी गार पडत गेले. माझ्या पोटातल्या चौघांच्या श्वासांची वाफ भिंतींना लागली आणि तिचं पाणी झालं. कामांच्या यादीच्या तळाशी एक बटण होतं, सोनमलाही कधी न लागलेलं: 'भिंतीवरचं दव टिपा.' पहिल्या दिवशी तीन तांबे निघाले, दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी मात्र एकच. आणि चौघांच्या नावांपुढच्या दिव्यांपैकी आईचा दिवा लाल झाला.

"माझाच दिवा का गं लाल?" मागून जगदेवीनं विचारलं.

"अक्कानं तुला तसंच केलंय," रुद्राणी म्हणाली. "तू सगळ्यांच्या मागून पितेस. सगळ्यांना पुरलं, मग तू."

बाहेर नळाची धार वाजत होती, ती बारीक करायलाही जगदेवी उठली नाही.

चौथ्या दिवशी आठवा तांब्या भरला. बाटल्या कोरड्या पडल्या होत्या आणि लाल दिवा भराभर लुकलुकत होता. रुद्राणीचं बोट त्या दिव्याकडं वळलं. एक तांब्या आईला पाजावा, नळीचं मागाहून बघू.

"बेड, बेड!" मामा एकदम कानडीत ओरडला. "नको पोरी! आता पाजलंस तर घटकाभर जगंल. नळीत ओत. आमच्याकडं हापशात बी वरनं तांब्याभर ओतावं लागतं. पान्याला पानी दावल्याबिगर पानी येत न्हाई."

"आणि नाही आलं तर?"

"ओत गं," जगदेवी म्हणाली. "मला सवय हाय."

रुद्राणीनं डोळे मिटून आठही तांबे ओतले. मी ऐकत होते. आधी नुसता वारा वाजला. मग नळीत कुठंतरी बर्फ तडकला. एक थेंब आला. मग दुसरा. मग धार लागली.

लाल दिवा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा झाला. जगदेवीनं इतका मोठा श्वास सोडला, जणू तो तिनं चार दिवस धरून ठेवला होता. मामा म्हणाला, "आता च्या टाका कुनीतरी. माज्या घशाला कोरड पडली की!" आणि तिघंही हसत सुटली. मला हसता येत नाही, पण त्या दिवशी माझ्या भिंती नुसत्या ऊनऊन झाल्या होत्या.

सोनम वसुबारसेला आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "घागर?" रुद्राणीनं लॅपटॉप उघडून दाखवला. चारशे बावन्न दिवस, चार हिरवे दिवे. पण सोनम हुशार. तिनं मागची नोंद वाचली आणि किंचाळली, "बावळट! टाकी ओतलीस?"

"शिळं होतं की, अक्का!"

सोनम रागवायला गेली आणि मध्येच हसू लागली. मग म्हणाली, "पुण्याला होस्टेलवर नळाला दिवसभर पाणी असतं. तरी पाचव्या दिवशी मी बादली, तांब्या, बाटल्या, सगळं भरून ठेवलं. पोरी अजून चिडवतात." आणि तिनं धाकटीला जवळ ओढलं.

मित्रांनो, मी पडद्यावरची आहे. माझं पाणी खरं नाही, हे मला कळतं. पण माझ्यासाठी रडलेली मुलगी खरी आहे आणि सगळ्यांच्या मागून पिणारी आई तर तुमच्याही घरी असेल. म्हणून एवढंच मागते. नवं हाती लागेपर्यंत जुनं ओतून देऊ नका. तळाशी थोडं राखा. त्या थोड्यालाच पुढचं पाणी ओळखतं. आणि आज घरात पाणी भरून झालं, की पहिला पेला आईच्या हातात द्या.

जगदेवीनं त्या दिवसापासून घरात एक कळशी ठेवली आहे. नवं पाणी भरून होईपर्यंत ती कुणी ओतायची नाही. त्या कळशीलाही सगळे घागरच म्हणतात.

मला अजून पुष्कळ सांगायचं होतं. पण माझी टाकी आता काठोकाठ आहे, आणि ती ओवी तुम्हीही ऐकलीच आहे.