आत्याबाईंची सर्दी

अमडापूरच्या शेषरावांकडे बारसं ठरलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्यांच्या थोरल्या बहिणीचा, शालूबाईंचा. त्या धामणगाव बढ्याहून बैलगाडीनं आल्या त्या शिंकतच. नाव कोणतं, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आल्याबरोबर त्या पाळण्याकडे निघाल्या, तशी बाळंतीण पुष्पाबाईनं पाळणा आपल्याकडे ओढून घेतला.

"वन्सबाई, सर्दी उतरू द्या ना जरा."

"मी का महामारी घेऊन आली? कानात तं बोलाचं हाय," म्हणत शालूबाई ओसरीवर जाऊन बसल्या. जेवायलाही उठेनात.

शेषरावांना कोणाची बाजू घ्यावी कळेना. त्यांनी अमीनाला बोलावलं. अमीना गावची सुईण, चिखलीच्या दवाखान्यात तीन महिने शिकून आलेली. तिनं वाद घातला नाही. कोनाड्यातला आरसा पुसला आणि पुष्पाबाईच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरला.

"काहीबी बोला."

पुष्पाबाईनं थोरल्या लेकीला हाक मारली. आरशावर वाफ धरली आणि विरून गेली.

मग तोच आरसा शालूबाईंसमोर आला. "जे कानात सांगनार हाय, तेच बोला."

"प्रभाकर," शालूबाई म्हणाल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

वाफ गेली, पण काचेवर बारीक थेंब राहिले. अमीनानं आरसा उन्हाकडे कलता केला.

"हे दिसतेत तेवढे. न दिसनारे आनखी बारीक असतेत. चांगल्या मानसाच्या तोंडातूनबी उडतेत, पन सर्दी-खोकला झाला का लय उडतेत, अन् दुखनं त्याच्यासंगच जाते."

शालूबाईंनी आरसा हातात घेऊन थेंब जवळून पाहिले. मग त्यांनीच पदर तोंडावर ओढला. "बारसं पुढं ढकल, शेषराव. मी राह्यतो इथंच."

रोज सकाळी त्या ओसरीवर आरशासमोर 'प्रभाकर' म्हणायच्या आणि शेजारच्या बाया थेंब पाहायला यायच्या. तिसऱ्या दिवशी थेंब कमी झाले, सहाव्या दिवशी नुसती वाफ. तरी अमीनानं खोकला पुरता जाईपर्यंत आणखी दोन दिवस थांबवलं. तेवढ्या दिवसांत नणंद-भावजयीच्या अंगणाच्या दोन टोकांवरून मोठमोठ्यानं गप्पा रंगल्या. शेषरावांच्या लहानपणीच्या खोड्या पुष्पाबाईला सगळ्या कळल्या. सगळी आळी बाळाला प्रभाकर म्हणू लागली.

बारशाला शालूबाई पाळण्यावर वाकल्या, कानात पुटपुटल्या आणि सरळ होत म्हणाल्या, "इंद्रभान."

शेषराव गोंधळले. "अन् प्रभाकर?"

"आठ दिस आरशासमोर घोकलेलं शिळं नाव पोराले काऊन देऊ?"

पुष्पाबाईला हसू आवरेना. शाळेच्या दाखल्यावर इंद्रभान लागलं खरं, पण आळीतल्या बाया त्याला लग्नापर्यंत प्रभाकरच म्हणत राहिल्या.