कोरा राहिलेला सातवा रकाना

मी आरोग्य विम्याचा अर्ज बोलतोय. चार पानांचा, निळ्या रेघांचा. माझ्या गठ्ठ्यातले बाकीचे अर्ज केव्हाच भरून गेले, त्यांच्या पॉलिसी झाल्या. मी मात्र पाच वर्षं एका शिंप्याच्या टेबलाच्या खणात, बटणांच्या डब्याखाली पडून होतो.

मला इथे आणलं विमावाल्या काकांनी. पँटची कंबर सैल करून घ्यायला ते आले होते. म्हणाले, "मास्तर, तिघांचा एकत्र विमा काढा. नुसता स्वस्त बघू नका, म्हातारपणीही चालू राहील असा घ्या."

मास्तरांच्या लेकीचं अक्षर चांगलं, म्हणून पेन तिच्या हाती आलं. बाबांचं नाव, आईचं नाव, मग स्वतःचं. एकेक अक्षर चौकोनात नीट बसवत ती पुढे सरकत होती. सातव्या रकान्यापाशी थांबली.

"आई, सध्या कोणता आजार आहे का, असं विचारलंय."

आईला मधुमेह होता.

"वहिनी, खरं ते लिहा," काका म्हणाले. "फक्त त्या आजाराच्या खर्चासाठी तीन वर्षं थांबावं लागेल. मग पुढे काळजी नाही."

"तीन वर्षं?" मास्तर हसले. "तोवर मी शिवलेल्या पँटी फाटतात हो!"

"तुमच्याकडे एक पँट मिळायला दीड महिना लागतो, मास्तर. त्या मानाने आम्ही चपळ!"

सगळे हसले. मग मास्तर हळूच म्हणाले, "नाहीच लिहिलं तर?"

"अहो, लेकीच्या हातून खोटं लिहून घेणार?" आई म्हणाली. मास्तरांनी मान खाली घातली. तोडगा मग आईनेच काढला. "मला सहा महिने द्या. साखर बंद, रोज चालणं सुरू. आजार गेला की 'नाही' लिहू. अगदी खरं खरं."

काकांनी परोपरीने समजावलं. पण सर्वांना तिचंच पटलं आणि मी खणात गेलो.

तिने शब्द पाळला. बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायली, चपला झिजेपर्यंत चालली. दर सहा महिन्यांनी तपासणीचा कागद आला की मला बाहेर काढायचे. एकदा आकडा खरंच खाली आला. लेकीने पेनाचं टोपण काढलंसुद्धा! पण आईने आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "साखर ताब्यात आलीय, आजार गेलेला नाही."

टोपण पुन्हा बसलं. तेव्हा 'आहे' एवढंच लिहिलं असतं, तर थांबायचे दिवस निदान सुरू तरी झाले असते. मला ओरडून सांगावंसं वाटलं. कागदाला कुठला आवाज!

पाचव्या वर्षी आईचे पाय सुजू लागले. मूत्रपिंडं थकली होती. आता आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन तिचं रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागतं. मास्तर मला घेऊन धावतच काकांकडे गेले. काकांनी माझी पानं उलटली, कोरा सातवा रकाना पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. मला तेव्हाच पाठवलं असतं, तर ती तीन वर्षं कधीच सरून गेली असती.

"आता वहिनींना विमा मिळणार नाही, मास्तर."

घरी आई शांतपणे म्हणाली, "मग तुमच्या दोघांचा भरा."

"तुला सोडून?" मास्तरांनी विचारलं.

"हो, आणि आजच. तुमचा रक्तदाब वाढलाय, तोही लिहा. थांबायला लावलं तर थांबा."

काकांनी नवा अर्ज आणला. बाबांच्या नावानंतर लेकीचा हात अडला. आईने सुजलेलं बोट त्या ओळीवर ठेवलं. "इथे तुझं नाव. रडू नकोस, शाई फुटेल."

तो अर्ज आज सकाळी गेला. सातव्या रकान्यात 'आहे' लिहून गेला.

वाचकहो, एवढंच मागतो. बरं झाल्यावर भरू म्हणून माझ्यासारख्याला खणात टाकू नका. असेल ते लिहा आणि पाठवून द्या.

मी आता रद्दीचा. मास्तर फाडणारच होते, पण लेकीने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. विम्याच्या कागदांत तिघांची नावं एकाखाली एक आहेत, ती फक्त माझ्यावर.