हँडलची गाठ

“शुद्धीतला माणूस असं करेल का, तुम्हीच सांगा,” बंदर कचेरीतले साहेब म्हणाले आणि टेबलावरची लाल दोरी त्यांनी पेनाच्या टोकाने पुढे सरकवली.

समोरच्या बाकावर मास्तर आणि त्यांची धाकटी बहीण बसली होती. आठ दिवसांपूर्वी तिचा नवरा इंजिनाच्या होडीतून पाण्यात पडला. होडी थांबली नाही, गोल फिरून त्याच्याच अंगावर आली. इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्याने त्याचं काय केलं ते कुणी तिला पाहू दिलं नव्हतं.

खरं तर होडी थांबायलाच हवी होती. त्या दोरीचं कामच ते. एक टोक इंजिनाच्या बटणात, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटात. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद. पण मेहुण्याने ती हँडललाच गाठ मारून ठेवली होती.

“म्हणून लिहितोय, चालक नशेत असावा.”

“हे पीत नाहीत हो! पोरगी झाली तेव्हा सोडली, नऊ वर्षं झाली.”

“सगळ्यांच्या बायका हेच सांगतात, ताई.”

ती भावाकडे वळली. “दादा, तू सांग ना. तुझं ऐकतील.”

मास्तरांनी टेबलावरच्या दोरीकडे पाहिलं. धक्क्यावरच्या निम्म्या लोकांना इंजिन त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर. शिकवणं चोख. सुरू करताना गिअर मधे, वळताना वेग कमी. दोरीच्या बाबतीत मात्र त्यांनी अक्कल पाजळली होती. धक्का जवळ आला की पुढे जाऊन दोरखंड फेकावा लागतो. मनगटातली दोरी तिथवर पुरत नाही, इंजिन बंद पडतं, होडी आदळते आणि उतारू आईबाप काढतात. त्यापेक्षा बांधा हँडलला, कटकट गेली! मेहुणा पहिल्या दिवशी दोरी मनगटात अडकवून बसला, तेव्हा मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, “काय हो पाहुणे, बांधून ठेवायला तुम्ही काय शेळी आहात?” सगळे फिदीफिदी हसले. तो बिचारा ओशाळला आणि त्याने तिथेच गाठ मारली. पुढे इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही, म्हणून मास्तर त्याला आपलं शहाणपण समजत राहिले. कसलं डोंबलाचं शहाणपण!

आता नुसतं गप्प बसलं तरी निभावणार होतं. लायसन राहिलं असतं, बहीण राहिली असती. मेलेला माणूस दारुडा ठरला असता, एवढंच.

“साहेब, तो प्यायला नव्हता,” मास्तर म्हणाले. “ती गाठ मी शिकवली. धक्क्यावर जाऊन बघा, सगळ्या होड्यांना तशीच आहे.”

“काय बोलताय कळतंय ना? लायसन जाईल.”

“कळतंय. लिहा.”

साहेबांनी आधीची ओळ खोडली, नवी लिहिली. मास्तरांनी सही केली आणि खिशातलं लायसन काढून टेबलावर ठेवलं.

“म्हणजे प्यायले नव्हते,” बहीण म्हणाली आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली. आठ दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती. मास्तरांनी हात पुढे केला, पण तिच्या खांद्यावर ठेवायचं धाडस झालं नाही.

दोघं बाहेर पायऱ्यांवर आली.

“माझं एक ऐकायचे नाहीत ते,” ती म्हणाली. “तुझं मात्र सगळं ऐकायचे.”

“मला काय वाटेल ते बोल, बाई.”

“काय बोलू? घरी येऊ नकोस आता. पोरीला सांगेन, मामा परगावी गेला म्हणून.”

“बरं,” मास्तर म्हणाले.

ती पायऱ्या उतरली. रस्त्याच्या कडेला थांबून तिने दोन्ही बाजूंना नीट पाहिलं आणि एकटीच पलीकडे गेली.